दारातलं ‘या’

दादा गेल्यानंतर वाशीमच्या माझ्या घरी माणसं आली ती बेल वाजवून. दार उघडलं की ती उंबऱ्याशी जराशी घोटाळायची आणि मीही घोटाळायची. सुतकाच्या घरात ‘या’ म्हणायचं नसतं. येणाऱ्यानं आपलं आपण यावं, बसावं, आणि ‘येतो’ न म्हणता उठून जावं, अशी आमच्याकडची रीत. पण शेजारच्या नव्या माणसांना हे कुठून ठाऊक असणार? ती बिचारी बोलावण्याची वाट पाहत बाहेर उभी राहायची. शेवटी मी बेलचं बटण बंद केलं आणि सकाळपासून दार उघडंच ठेवायला लागले. एका दुपारी त्या उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसले असताना मला जऊळक्याचं माहेरचं घर आठवलं. त्या घरातलं, त्या हिवाळ्यातलं आठवणारं माझ्याशिवाय आता कोणी उरलेलं नाही हेही लक्षात आलं. म्हणून लिहिते आहे. हात पूर्वीसारखा चालत नाही, एवढं-तेवढं लिहून झालं की चष्मा काढून ठेवावा लागतो, पण घाई कुणालाच नाही.

आमचं घर गावातून टेसनाकडे जाणाऱ्या वाटेवर होतं. धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं, पुढे ओसरी, मागे माजघर, उजव्या अंगाला गोठा. गाडी छोट्या लाइनीची. तिची शिटी ऐकून माय भाकरीचं पीठ भिजवायची आणि दुसऱ्या गाडीच्या शिटीला गुरं सोडली जायची. घरात घड्याळ नव्हतं, त्याची गरजही कुणाला वाटली नाही. गाडीला जाणारी माणसं आमच्या दारावरून जायची आणि गाडीनं आलेली दारावरूनच गावात शिरायची. मायचं अर्धं लक्ष चुलीत आणि अर्धं वाटेवर असे. कुणी दिसलं की तिचा आवाज जाई, “या, या! टेका जरासे.” ओळख असो नसो. मग पाय धुवायला तांब्या, मग प्यायला पाणी आणि गुळाचा खडा, आणि माणूस ओसरीवर टेकून त्याचा श्वास खाली बसला की मग, “कोन्या गावचे बाप्पा तुमी?” ही चौकशी आधी करायची नाही, असा तिचा नेम होता. आधी नाव-गाव विचारलं तर माणसाला वाटतं की आपल्याला तोलून पाणी देतात, असं ती म्हणे. कुणाच्या पोटात भूक आहे हे तिला चालीवरून कळायचं. तशा माणसापुढे ती न विचारता भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा ठेवी. नव्यानं येणाऱ्या पाहुण्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नसे. इंझोरीचा एक बांगडीवाला सांगायचा की जऊळक्याला उतरून ‘या टेका’ ऐकलं नाही तर आपण भलत्याच टेसनावर उतरलो असं वाटतं.

घरात आत्याही होती. बाबांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, नवरा नीट पाहिलाही नसेल तोवर गेला, आणि ती कायमची भावाच्या घरी आली. घरातली कामं माय करी. कोणतं काम कधी करायचं, कोणत्या दिवशी काय खायचं नाही, कोणत्या सोयरिकीत किती दिवस सुतक धरायचं, हे आत्या सांगे. तिच्या तोंडात ‘नाई’ हा शब्द जास्त असायचा. आम्ही तिला भीत होतो. बाबा मात्र तिला “आक्का, आज काय काय बंद हाये ते सांगून टाक एकदाचं” असं म्हणून चिडवायचे, आणि ती खरंच सांगायची.

दादा वर्ध्याकडच्या एका संस्थेत सूतकताईचं शिकवायला होता. वहिनी आणि त्यांची लहान मुलगी आमच्याकडे असत. त्या वर्षी दिवाळीला तो आला तेव्हा त्यानं सांगितलं की संस्थेत चिली नावाच्या देशातून एक बाई आली आहे, एलेना नावाची, नर्सचं काम करते, आणि तिला आपल्याकडचं शेतकऱ्याचं घर पाहायचं आहे. तुरीला शेंगा भरल्या की तिला घेऊन येतो. चिली कुठं आहे हे त्यानं ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशानं काढून दाखवलं. बाबा म्हणाले, “एवढ्या लांबून आमची तूर पाह्याले? तिकडे तूर नाई काय?” तूर नाही असं कळल्यावर त्यांना तिची फार दया आली.

बाबांनीच ठरवलं की पाहुणीचं स्वागत तिच्या बोलीत व्हायला पाहिजे. दादाला थोडं थोडं येत होतं. तो तिला हिंदी शिकवायचा आणि ती त्याला स्पॅनिश. मी सातवी पास होऊन घरी बसले होते आणि हाती लागेल तो छापील कागद वाचत होते, म्हणून शिकण्याचं काम माझ्याकडे आलं. दिव्याशी बसून दादानं मला सांगितलं की बाई आली की ‘ब्येनवेनिदा’ म्हणायचं, म्हणजे बरं झालं तू आलीस. पुरुष असेल तर शेवट बदलतो, पण ते सध्या सोड. दारात उभी असेल तर ‘आदेलान्ते’, म्हणजे पुढं या, आत या. आणि बसल्यावर ‘एस्ता एन सु कासा’, म्हणजे तुम्ही आपल्याच घरी आहात.

“म्हंजे घरच देऊन टाकलं?” बाबा म्हणाले.

“तसं नाई बाबा, म्हनाची रीत हाये त्याइची.”

“असं म्हनू नोको बाप्पा कोनाले. मेडशीचे तुये मामा ऐकतीन आन् खरंच राह्याले येतीन.”

माय चुलीपुढून म्हणाली, “आले तं येऊ द्या. तुमच्या ताटातलं खात नाईत ते.”

दादानं आणखी एक गोष्ट सांगितली. तिकडची माणसं दुसऱ्याच्या दारात आली की उंबऱ्याबाहेर थांबून ‘पेर्मिसो’ म्हणतात, येऊ का म्हणून विचारतात, आणि आतून ‘आदेलान्ते’ आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. दार सताड उघडं असलं तरी, घर सख्ख्या बहिणीचं असलं तरी. आत्याला हे आवडलं. “शानी मानसं हायेत. आपल्याकडे तं कुत्रं बी घरात आन् कोतवाल बी घरात,” ती म्हणाली. पुढे आठवडाभर बाबा बैलांना गोठ्यातून काढताना ‘आदेलान्ते’ म्हणत होते. तांबडा बैल ऐकायचा, पांढरा ऐकायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

तुरीला शेंगा भरल्या, आणि एके दिवशी बाबा वावरातून आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत आडवे झाले होते. याहून जास्त त्यात सांगण्यासारखं नाही. दादा दुसऱ्या दिवशी आला. त्यानं एलेनाबाईला येऊ नका म्हणून तार केली, पण ती तोवर नागपूरच्या कुठल्याशा दवाखान्यात गेली होती आणि तिथूनच परस्पर आमच्याकडे निघणार होती. तार संस्थेत पडून राहिली. हे आम्हाला नंतर कळलं.

सुतकाच्या दिवसांत घर कसं असतं हे आता मुलांना सांगून कळत नाही. आमच्या घरातले दोन आवाज एकाच दिवशी बंद झाले. एक फोडणीचा, तेरवीपर्यंत घरात तेल तापलं नाही, शेजारून भाकरी आणि उकडलेलं वरण येई. आणि दुसरा मायच्या ‘या’चा. माणसं येत होती, उभा दिवस येत होती, पण दारात कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. बाया डोक्यावर पदर ओढून आत शिरायच्या, मायच्या गळ्यात पडून रडायच्या, आणि रडणं आटोपलं की तशाच उठून चालू लागायच्या. माय माजघराच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली असे. तिचे हात मोकळे झाले होते. विचारलं तर ती हो-नाही म्हणायची, त्यापलीकडे काही नाही. वाटेवरून चपला वाजल्या की तिची मान मात्र उचलली जायची आणि मग पुन्हा खाली व्हायची. आत्यानं तिला समजावून सांगितलं होतं की वर्षभर दारात यायचं नाही. आणि पुढेही कुणी गावाला निघालं, कुणी कामाला निघालं, तर समोर पडायचं नाही. “माह्यावानी,” आत्या म्हणाली होती. ती हे दुष्टाव्यानं म्हणाली नव्हती. जे तिला माहीत होतं ते ती मायला देत होती. पण ओसरीवर बसून ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की बाबा गेले त्यात मायचं दारही गेलं. चाळीशीची बाई, आणि जे काम तिला सगळ्यात चांगलं यायचं तेच तिला आता करायचं नव्हतं.

दहाव्या दिवशी सगळे पुरुष नदीवर गेले होते. घरात माय, आत्या, वहिनी, मी, आणि शेजारची गंगू काकू एवढ्याच. वहिनीचे दिवस भरत आले होते. ती भिंतीला पाठ लावून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गाडीची शिटी झाली, आणि थोड्या वेळानं टेसनावरचा हमाल एक पिशवी आमच्या अंगणात ठेवून, काही न बोलता, मान खाली घालून निघून गेला. त्याच्या मागून ती आली. अंगावर खादीचं लुगडं, नेसण्यात आखूड झालेलं, पायात पुरुषी चपला, तोंड उन्हानं लालभडक. उंबऱ्याबाहेर हातभर अंतरावर ती थांबली आणि म्हणाली, “पेर्मिसो.”

कुणी काही बोललं नाही. तिनं आत पाहिलं. डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, कोपऱ्यातली माय, दिवा. काहीतरी वाईट झालं आहे एवढं तिला कळलं असणार, कारण चेहऱ्यावरचं हसू तिनं काढून घेतलं. पण ती आत आली नाही. हात पुढे जुळवून उभी राहिली.

“काहून उभी हाये ते?” गंगू काकू कुजबुजली. “येत काहून नाई?”

“येनारं येते,” आत्या म्हणाली. “बोलवाचं नसते.”

“तिले काय ठाव?”

“मंग राहीन उभी.”

मला माहीत होतं. त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं की ती कशासाठी थांबली आहे, आणि तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. मी नुसती उठले तर आत्यानं माझा हात धरला. “सुमे, तोंडातून शब्द काढशीन तं पाह्य. वैनीकडे पाह्य आंधी. सुतकात ‘या’ म्हनलं का जे येऊन गेलं तेच पुन्यांदा येते.”

“पन ते आपल्या बोलीतलं नाई, आत्या. तिच्या बोलीतलं हाये.”

“बोलावनं कोन्त्याबी बोलीतलं बोलावनंच असते.”

“यमाले एवढ्या बोल्या येतेत काय वो?” गंगू काकू म्हणाली. “आमच्या तलाठ्याले एक नीट येत नाई.”

“तू चूप बस गंगे.”

आत्याच्या बोलण्याला मी आज हसणार नाही. तिनं त्या घरात मरणं पाहिली होती, बाळंतिणी गेलेल्या पाहिल्या होत्या, आणि वहिनीच्या पोटाकडे पाहून ती खरोखर घाबरली होती. वहिनीही घाबरली होती. तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली आणि पदर पोटावरून ओढून घेतला. तिच्याकडे पाहून माझी जीभही उचलेना. पाण्याचा तांब्या तरी देऊ का, मी विचारलं. आत्या म्हणाली, पाणी म्हणजेही बोलावणंच. अंगणात ऊन चढलं होतं. वाटेवरची पोरं जमा झाली. एक जण “गोरी आली, गोरी आली” ओरडला आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केलं, कारण घर सुतकाचं होतं. ती बाई पायावरचा भार बदलत होती, पण आत पाऊल टाकत नव्हती आणि माघारीही फिरत नव्हती. दोन्हीकडची माणसं आपापल्या परीनं मान राखत होती आणि मध्ये तो उंबरा होता.

कोपऱ्यातून मायनं विचारलं, “कोन हाये?”

इतक्या दिवसांत तिनं आपणहून काढलेला तो पहिला शब्द होता. मी म्हणाले, “दादाची पाहुनी. चिलीची.”

“मंग बाहेर काहून?”

“आपुन ‘या’ म्हनत नाई ना. आन् तिकडे आतून कोनी बोलावल्याबिगर येत नाईत. दादानं सांगतलं नव्हतं?”

 माय भिंतीला हात टेकून उठली. इतके दिवस बसून तिचे पाय आखडले होते. पदर सारखा करून ती माजघरातून ओसरीवर आली.

“अवं, कोठी चालली?” आत्या ओरडली. “दारात जाशीन? धाव्या दिवशी?”

माय थांबली नाही. ती उंबरा ओलांडून उन्हात गेली, एक शब्द न बोलता त्या बाईचं मनगट धरलं, आणि तिला घेऊन आत आली. ओसरी, मग माजघर, मग कोपरा. आपल्या घोंगडीवर तिला बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. सुतकातला नियम तिनं एकही मोडला नव्हता. ती काही म्हणालीच नव्हती. विधवेचा मात्र मोडला होता, आणि तो भर दिवसा, पोरांच्या आणि गंगू काकूच्या देखत. आत्यानं तोंड भिंतीकडे केलं.

एलेनाबाईनं मायच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. माय माझ्याकडे वळून म्हणाली, “तिले सांग, घरात फोडनी नाई. बिनफोडनीचं वरन खाशीन काय म्हनाव.”

एवढं स्पॅनिश मला कुठलं यायला. मी मोडक्या हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, “खाऊँगी.” खाल्लंही, वाटीभर, आणि पुन्हा मागून घेतलं.

पुरुष नदीवरून आले तेव्हा दादाचं डोकं भादरलेलं होतं आणि अंगावर ओलं धोतर होतं. तिनं त्याला ओळखलं नाही. मग ओळखलं, आणि मग इंग्रजीत त्यांचं बराच वेळ बोलणं झालं. ती लगेच परत जायला निघाली होती, पण माय म्हणाली, तेरवीपर्यंत राहू दे. त्या दिवसांत ती घरातल्यासारखी राहिली. मायबरोबर तूर सोलायची, वहिनीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबायची, गोठा झाडायची. पाणी आणायला निघाली की वाटेत भेटेल त्याला वाकून नमस्कार करायची, म्हातारा असो की शेळीमागचं पोर. त्यामुळे एक घागर आणायला तिला बराच वेळ लागे. आत्या तिच्याशी बोलत नव्हती, आणि मायशीही बोलत नव्हती. मायला काही सांगायचं असलं की भिंतीला सांगायची, “कोनाले तरी सांगा, दूध उतू जाऊन राह्यलं.” एलेनाबाई मात्र रोज सकाळी उठल्याबरोबर आत्यासमोर जाऊन उभी राहायची आणि घरातल्या सगळ्यात वडील बाईला करायचा तो नमस्कार करायची. आत्या तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहायची.

तेरवी झाली. गोड जेवण झालं, घरात पुन्हा तेल तापलं, आणि मोहरीच्या तडतडीनं वहिनीची मुलगी दचकून रडायला लागली. एवढ्या दिवसांत ती तो आवाज विसरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा आणि एलेनाबाई निघणार होते. दादा वहिनीला मागे ठेवून निघत होता. बाळंतपणाआधी त्याला पुन्हा येता येईल की नाही, नक्की नव्हतं. म्हणून त्या दिवशी घरातलं प्रत्येक माणूस शकून-अपशकून जपत होतं. वहिनीनं त्याच्या हातावर दही ठेवलं. मी पाण्याची घागर भरून वाटेत समोर येण्यासाठी अंगणात जाऊन उभी राहिले. आणि माय, कुणी न सांगता, माजघरात जाऊन दाराकडे पाठ करून बसली. दादा तिच्या पाया पडायला आत गेला तर ती म्हणाली, “जाय बाप्पा. पायामांगे पाहू नोको.”

एलेनाबाईनं मायला मिठी मारली, वहिनीला मारली, मला मारली, आणि मग इकडे-तिकडे पाहून म्हणाली, “बुआजी?”

आत्या नव्हती. लहानपणापासून मी पाहत आले होते की कुणी गावाला निघालं की आत्याला नेमकं गोठ्यात काम असायचं. माझी चुलत बहीण सासरी निघाली तेव्हाही ती वासराला पाणी पाजत होती. ते काम नव्हतं, हे मला त्या सकाळी समजलं. दादा अवघडला. तो तिला इंग्रजीत सांगू लागला की आत्या निघणाऱ्यापुढे येत नाही. तिनं विचारलं, का? तो सांगत गेला आणि ती ऐकत गेली. तिकडे गाडीनं अलीकडचं टेसन सोडल्याची शिटी ऐकू आली. दादा म्हणाला, चला. ती म्हणाली, वडील बाईचा निरोप घेतल्याशिवाय मी घरातून निघत नसते. पिशवी त्याच्या हातात देऊन ती गोठ्याकडे गेली. गोठ्याच्या दाराशी थांबून तिनं ‘पेर्मिसो’ म्हटलं की नाही, मला ऐकू आलं नाही. म्हटलं असलं तरी आतून काही उत्तर आलं नसणार. ती आत गेली एवढं खरं.

मी घागर घेऊनच धावले. आत्या गव्हाणीशी कडबा हातात घेऊन उभी होती आणि मागे सरकत होती. मागे तांबडा बैल होता, म्हणून तिला फार सरकता आलं नाही. एलेनाबाईनं तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिच्या गालाचा मुका घेतला. तिच्या देशात तसा निरोप घेतात. मग आणखी एकदा घेतला, बहुधा आपल्या मनानं. आत्याच्या हातातला कडबा खाली पडला. तिच्या अंगाला असा हात कधी कुणी लावला होता की नाही, मला माहीत नाही.

एलेनाबाई बाहेर आली आणि दादाबरोबर भराभर वाटेला लागली. आत्या गोठ्याच्या दारात आली, गालावर तळवा धरून. “अवं माय वो! ह्या बाईनं मले उष्टं केलं!” ती म्हणाली. गंगू काकू कुंपणापलीकडून म्हणाली, “मंग धुऊन टाका. पानी घेऊन उभीच हाये सुमी.” मी घागर पुढे केली. आत्यानं घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरात गेली. गाल तिनं धुतला नाही. मी मागोमाग गेले तर ती माजघरात मायच्या पाठीशी उभी होती.

“काय बसली वो भितीकडे तोंड करून?” आत्या म्हणाली. इतक्या दिवसांत ती मायशी सरळ बोलत होती ते हे पहिलं. “पोरगा निघून राह्यला तिकडे. मायनं दारात जावं का नाई?”

माय वळली. “तुमीच तं सांगतलं होतं.”

“सांगतलं होतं. आता हे सांगून राह्यली. ऊठ, गाडी येईन.”

“आन् काई झालं तं? सुनेचं...”

 आत्याच्या तोंडावर पुन्हा ती भीती आली होती, मी पाहिली. मग ती म्हणाली, “झालं तं माह्या नावानं बोटं मोडजो. ऊठ.”

(वहिनीला पुढच्या महिन्यात मुलगा झाला. दोघं सुखरूप होते. तो आता मुंबईला असतो आणि दादाचं सगळं त्यानंच केलं.)

माय उठून दाराकडे निघाली तशी मी घागर ठेवून वाटेला धावले, कारण मला टेसनावरही जायचं होतं. वळणाच्या लिंबापाशी मी दादाला गाठलं आणि म्हणाले, माय दारात आली. निघताना मागे पाहायचं नसतं. मायनं त्याला तेच सांगितलं होतं. दादानं मागे पाहिलं. एलेनाबाईनं पाहिलं, मीही पाहिलं. माय उंबऱ्यात उभी होती, पदर डोक्यावर, एक हात चौकटीवर, आणि तिथून तिचा आवाज स्पष्ट आला, “लवकर ये रे बाप्पा! आन् तिलेबी आन!” तिच्या मागे, अर्धी दाराआड, आत्या होती. आम्ही पाहतो आहोत हे तिला दिसलं. ती बाजूला झाली नाही.